विश्लेषण : कामातून आलेल्या आजाराचा खर्च कोणाचा? ना. म. जोशींचा लढा आणि अ‍ॅस्बेस्टॉसचा पेच

मुंबईत लोअर परळला उतरणाऱ्यांना ना. म. जोशी हे नाव रस्त्याचे म्हणून माहीत असते. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत तर ते नावही फारसे कानावर पडत नाही. पण बॉयलरजवळ किंवा सिमेंटचे पत्रे कापण्यात उमेद घालवलेला एखादा म्हातारा कामगार आज धाप लागते म्हणून दवाखान्याची पायरी चढतो, तेव्हा त्याचे बिल कोणी भरायचे, हा प्रश्न थेट जोशींच्या कामाशी जोडलेला आहे.

ना. म. जोशी कोण होते?

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्यात डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी सुमारे आठ वर्षे शिक्षकी केली. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या अशी कामे लीगने कामगार वस्तीत उभी केली. कामगार आजारी पडला की मजुरी बुडे आणि औषधपाण्यासाठी सावकार गाठावा लागे, असा तो काळ होता.

ते कायद्याकडे कसे वळले?

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी तिथे गेले. १९२० मध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसच्या, म्हणजे आयटकच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. १९२१ पासून सुमारे पाव शतक ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडणारे नियुक्त सदस्य राहिले. सरकारने देऊ केलेला सीआयई हा किताब त्यांनी घेतला नाही. बाळंतपणाच्या काळात स्त्री कामगारांना मदत मिळावी म्हणून १९२४ मध्ये त्यांनी विधेयक आणले. ते फेटाळले गेले, तरी विषय पुढे चालत राहिला.

१९२३ च्या कायद्याने काय बदलले?

कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. कामावर अपघात झाला, तर मालकाने भरपाई द्यायची, हे तत्त्व त्यात आले. कामातून होणारे काही आजारही अपघातासारखेच धरले गेले. मात्र पहिल्या यादीत आजार होते तीनच : अँथ्रॅक्स, शिशाची विषबाधा आणि फॉस्फरसची विषबाधा. अ‍ॅस्बेस्टॉसचे नाव त्यात नव्हते.

त्याच १९२४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथे नेली केरशॉ ही अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातील कामगार वयाच्या ३३ व्या वर्षी मरण पावली. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने झालेला मृत्यू म्हणून वैद्यकीय साहित्यात नोंदले गेलेले हे सुरुवातीचे प्रकरण. तिच्या कंपनीने भरपाईची जबाबदारी नाकारली होती. कायद्याच्या यादीत नसलेल्या आजाराचा खर्च घरच्यांवरच पडतो, हे तिथेच दिसले.

मग भारतात आज स्थिती काय?

ही यादी पुढे वाढत गेली. अ‍ॅस्बेस्टॉसिस, अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा आता तिच्यात आहेत. सोलापूरसारख्या कापडाच्या शहराला जवळचा असलेला, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिसही आहे.

तरी दोन अडचणी राहिल्या. पहिली पैशाची. मूळ कायदा अपंगत्व किंवा मृत्यूबद्दल रक्कम देत असे. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च परत मिळण्याची तरतूद २००९ च्या दुरुस्तीने आली आणि २०१० पासून लागू झाली. अ‍ॅस्बेस्टॉसिस बरा होत नाही. एक्स-रे, सीटी स्कॅन, श्वासाच्या चाचण्या, प्राणवायूचे यंत्र, त्याचे वीजबिल आणि सोबत जाणाऱ्या घरच्या माणसाचा बुडालेला रोज, असा हा खर्च वर्षानुवर्षे चालतो.

दुसरी अडचण काळाची. अपघाताला तारीख असते. अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार बहुधा २० ते ४० वर्षांनी डोके वर काढतो. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर ती पहिल्यांदा आढळली तो दिवस अपघाताचा दिवस मानावा, अशी सोय १९२३ च्या कायद्यात पुढे करण्यात आली. दोन वर्षे आणि वीस वर्षे, या अंतरातच बहुतेक दावे अडकतात. त्यात गिरणी किंवा कारखाना बंद पडलेला असेल, तर भरपाई मागायची कोणाकडे, हाही प्रश्न उरतो. कर्मचारी भरपाईचा विषय आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला आहे.

न्यायालयाने काय सांगितले?

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात निकाल दिला. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क आहे, असे त्यात मान्य झाले. प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश झाला. आजार सिद्ध झालेल्यांना प्रत्येकी एक लाख रुपये भरपाईही ठरली. आजार उशिरा येतो, हे या निकालाने जमेस धरले.

कुटुंबांनी काय जपावे?

नोकरीचा दाखला, हजेरी कार्ड किंवा पगाराची पावती, विमा क्रमांक आणि जुने एक्स-रे टाकून देऊ नयेत. डॉक्टरांना आधी कोणते काम केले ते सांगावे आणि केसपेपरवर तशी नोंद मागावी. ती नसली, तर आजार दमा किंवा म्हातारपण म्हणून नोंदला जातो आणि दाव्याचा पायाच राहत नाही. राज्य कामगार विमा योजनेत किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात.

जोशींचे काम कुठवर पोहोचले?

१९२९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली आणि जोशी बाहेर पडले. १९४० मध्ये ते पुन्हा सरचिटणीस झाले. मधल्या काळात ते रॉयल कमिशन ऑन लेबरचे सदस्य होते. कमिशनच्या १९३१ च्या अहवालात कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा विषय आला. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये त्याची योजना मांडली आणि १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला. एकट्या मालकावरचा भार मालक, कामगार आणि सरकार यांच्या सामायिक निधीवर आला.

३० मे १९५५ रोजी जोशींचे निधन झाले. कामाने दिलेले दुखणे ही कामगाराची खासगी बाब नाही, हे त्यांच्या पिढीने कायद्यात लिहून घेतले. उशिरा उगवणाऱ्या आजाराचे बिल योग्य दारी पोहोचवणे मात्र अजून बाकी आहे.