डासाचा माग काढणारा लष्करी डॉक्टर

रानात तंबू ठोकून रात्र काढायची, तर मच्छरदाणीविना झोपणे म्हणजे हिवतापाला निमंत्रण, हे आज बहुतेकांना ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात मात्र हा ताप दलदलीतील दूषित हवेमुळे येतो, असा समज रूढ होता. तो खोटा ठरविण्यात मोठा वाटा असलेले डॉ. रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. वडील लष्करी अधिकारी होते. रॉस यांचा ओढा साहित्य व संगीताकडे होता. परंतु वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि १८८१ साली ते भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल झाले.

१८८३ साली बंगळूर येथे डासांनी त्यांना हैराण केले. खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप रिकामे करताच त्रास कमी झाला. हाच उपाय इतरत्रही करावा, ही त्यांची सूचना मात्र अधिकाऱ्याने मानली नाही.

१८९४ साली लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना रुग्णाच्या रक्तातील हिवतापाचे परोपजीवी दाखविले आणि डासांविषयीचा आपला तर्क सांगितला. तो पडताळून पाहण्यासाठी रॉस यांनी भारतात परतून शेकडो डासांचे विच्छेदन केले. १८९७ मध्ये उटकमंडजवळील सिगुर घाटात त्यांना स्वतःलाच हिवतापाने गाठले. तरीही काम थांबले नाही. सिकंदराबाद येथे हुसेन खान नावाच्या रुग्णाने डासांना चावू दिले. मोबदला, दर डासामागे एक आणा. २० ऑगस्ट १८९७ रोजी अशाच एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना परोपजीवी सापडले. हा दिवस पुढे जागतिक डास दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

संशोधन रंगात आले असतानाच त्यांची बदली झाली. पुढे कोलकात्यात, १८९८ साली, पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी परोपजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतो आणि दंशावाटे पसरतो, हे सिद्ध केले. मानवी हिवतापाचे संक्रमण अॅनोफिलिस डासामार्फत होते, हे त्याच वर्षी इटलीतील ग्रास्सी व सहकाऱ्यांनी दाखविले. श्रेयावरून दोघांत कडवट वाद झाला. १९०२ सालचे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले.

रॉस यांच्या दृष्टीने शोधापेक्षा प्रतिबंध मोठा होता. सिएरा लिओन, इस्माइलिया, मॉरिशस अशा ठिकाणी जाऊन त्यांनी साचलेले पाणी हटविण्याचा आग्रह धरला. प्रत्येक डास मारण्याची गरज नाही. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी रोग ओसरतो, हे त्यांनी गणिताने मांडले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

आज तंबूसाठी जागा निवडताना डबक्यापासून दूर राहावे, सायंकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, उघड्या त्वचेला डासरोधक मलम लावावे आणि भांड्यांतील पाणी उपडे करावे. डेंग्यूचा डास दिवसाही चावतो, हेही विसरू नये. बंगळूरच्या त्या पिंपाने शिकविलेला धडा अजून जुना झालेला नाही.