ज्युलियस न्येरेरे : स्वावलंबनाचा ध्यास, हक्कांची उणीव

आफ्रिकेतील देश गरीब का राहिले, या प्रश्नाची दोन तयार उत्तरे असतात. एक, गोऱ्या साम्राज्यवाद्यांनी लुटून नेले. दुसरे, स्वातंत्र्यानंतर आलेले तिथले राज्यकर्ते भ्रष्ट निघाले. पूर्व आफ्रिकेतील टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचे चरित्र वाचले की ही दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. न्येरेरे यांनी परकीयांपुढे मान तुकवली नाही आणि स्वतःची तिजोरीही भरली नाही. तरीही १९८५ साली ते पायउतार झाले तेव्हा देश कर्जात बुडालेला होता आणि दुकाने रिकामी होती. असे का झाले? आम्ही कायद्याचे विद्यार्थी. आम्हाला याचे उत्तर तिथल्या अर्थकारणाइतकेच तिथल्या राज्यघटनेत सापडते.

न्येरेरे यांचा जन्म १९२२ साली व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेला असलेल्या बुटियामा गावी झाला. वडील झानाकी या लहानशा जमातीचे सरदार. मुलगा बाराव्या वर्षी शाळेत गेला आणि पुढे युगांडातील मकेरेरे व स्कॉटलंडमधील एडिंबरो इथपर्यंत शिकला. परत येऊन ते शिक्षक झाले. त्यांना मिळालेली ‘म्वालिमु’, म्हणजे गुरुजी, ही उपाधी शेवटपर्यंत टिकली. टांगानिका हा आधी जर्मनांचा मुलूख होता. पहिल्या महायुद्धानंतर तो इंग्रजांच्या ताब्यात आला. १९५४ साली न्येरेरे यांनी ‘टानू’ हा पक्ष स्थापन केला, नोकरी सोडली, गावोगाव हिंडले आणि ९ डिसेंबर १९६१ रोजी रक्तपात न होता देश स्वतंत्र झाला.

सव्वाशेच्या आसपास जमाती असलेला हा देश जमातींच्या भांडणात फुटला नाही, याचे मोठे श्रेय न्येरेरे यांना द्यावे लागते. त्यांनी कोणत्याही एका जमातीच्या भाषेला राज्यभाषा केले नाही, सर्वांना समजणारी स्वाहिली पुढे आणली. स्वतः सरदाराचा मुलगा असूनही १९६३ साली त्यांच्या सरकारने वंशपरंपरागत सरदारक्या बंद केल्या. जन्माने मिळालेला अधिकार मोडून काढणे ही लहान गोष्ट नव्हे.

परकीय हस्तक्षेपाचा अनुभव त्यांना लगेच आला. जानेवारी १९६४ मध्ये सैन्याने बंड केले आणि ते मोडण्यासाठी ज्यांच्यापासून स्वातंत्र्य मिळवले त्या इंग्रजांचेच सैनिक बोलवावे लागले. त्याच महिन्यात झांझिबार बेटावर क्रांती झाली. अमेरिका आणि कम्युनिस्ट गट यांच्या ओढाताणीत हे बेट सापडण्याची चिन्हे होती. २६ एप्रिल १९६४ रोजी झांझिबार आणि टांगानिका एक झाले आणि पुढे या देशाला टांझानिया हे नाव मिळाले. झांझिबारने पूर्व जर्मनीशी संबंध जोडले होते. ते तोडावेत म्हणून १९६५ मध्ये पश्चिम जर्मनीने लष्करी मदत थांबवली. न्येरेरे यांनी उरलेली मदतही नाकारली. त्याच वर्षी ऱ्होडेशियातील मूठभर गोऱ्यांनी सत्ता बळकावली आणि ब्रिटनने ठोस कारवाई केली नाही. तेव्हा टांझानियाने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. त्याची किंमत म्हणून ७५ लाख पौंडांचे कर्ज हातचे गेले. गरीब देशाचा असा ताठ कणा त्या काळात जगाने क्वचितच पाहिला.

या अनुभवातून ५ फेब्रुवारी १९६७ चा अरुशा जाहीरनामा आला. बँका आणि मोठे उद्योग सरकारने ताब्यात घेतले. पैशावर नव्हे, तर जमीन आणि श्रम यांवर विकास उभा करायचा, असे ठरले. पुढाऱ्यांवर बंधने आली. कंपनीचे शेअर्स नकोत, संचालकपद नको, भाड्याने द्यायला घरे नकोत, दोन पगार नकोत. त्याआधीच, १९६६ मध्ये, न्येरेरे यांनी स्वतःचा पगार २० टक्क्यांनी कमी केला होता. आजच्या कोणत्या पुढाऱ्याला ही आचारसंहिता झेपेल?

तांबे पिकवणाऱ्या शेजारच्या झांबियाला गोऱ्या राजवटींच्या बंदरांतून सोडवण्यासाठी रेल्वे हवी होती. जागतिक बँकेने ती परवडणारी नाही म्हणून हात झटकले. चीनने बिनव्याजी कर्ज दिले आणि १९७० ते १९७५ या काळात दार-एस-सलामपासून १,८६० किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. प्राथमिक शाळा गावोगावी गेल्या, प्रौढ साक्षरतेच्या मोहिमा झाल्या. हे सर्व खरे आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे.

पण नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. स्वातंत्र्याच्या वेळी टांगानिकाच्या घटनेत मूलभूत हक्कांचे प्रकरणच घातले गेले नाही. न्यायाधीश बहुतेक परदेशी आहेत, ते हक्कांच्या नावाखाली विकासाचे कायदे रद्द करतील, अशी सरकारची भीती होती. १९६२ सालीच विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा झाला. १९६४ च्या बंडानंतर कामगार पुढारी तुरुंगात गेले आणि स्वतंत्र कामगार महासंघाच्या जागी सरकारी संघटना आली. १९६५ मध्ये देश कायद्याने एकपक्षीय झाला. मूलभूत हक्क नसले म्हणजे काय होते, हे या पानाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला दार ठोठावायला जागाच उरत नाही.

त्याचे फळ शेतकऱ्याने भोगले. दक्षिणेकडील रुवुमा भागात काही गावांनी स्वतःहून सामुदायिक शेती सुरू केली होती. न्येरेरे यांच्या ‘उजामा’ म्हणजे कुटुंबभावाच्या समाजवादाचा तो जिवंत नमुना होता. पण ही गावे स्वतःचे निर्णय स्वतः घेत होती. पक्षाच्या अधिकाऱ्यांना ते खुपले आणि १९६९ मध्ये पक्षाने त्यांची संघटना बरखास्त केली. पुढे १९७२ मध्ये निवडून आलेली जिल्हा मंडळे गेली आणि १९७६ मध्ये सहकारी संस्थाही गेल्या. १९७३ साली फर्मान निघाले की १९७६ अखेरपर्यंत ग्रामीण जनतेने नेमून दिलेल्या गावांत राहायला यावे. किमान ५० लाख माणसे हलवली गेली. जे निघाले नाहीत त्यांची घरे ठिकठिकाणी पाडली, जाळली गेली. जमीन कशी आहे, पाणी कुठे आहे, पेरणी कधी आहे, हे ज्याला ठाऊक होते त्यालाच कोणी विचारले नाही. त्यातच दुष्काळ पडला आणि धान्य परदेशातून आणावे लागले.

बाहेरची संकटेही होती. कृत्रिम धागा आल्याने घायपाताच्या वाखाचा भाव कोसळला. तेल महागले. १९७८ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आक्रमण केले. टांझानियाच्या फौजेने त्याला पळवून लावले, पण त्या युद्धाने तिजोरी रिकामी केली. स्वावलंबनाची घोषणा देणारा देश एव्हाना आफ्रिकेत सर्वाधिक परकीय मदत घेणाऱ्या देशांमध्ये जमा झाला होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने चलनाचे अवमूल्यन आणि खर्चकपातीच्या अटी घातल्या. न्येरेरे यांनी त्या फेटाळल्या आणि त्यांच्या अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. १९८५ मध्ये न्येरेरे स्वखुशीने पद सोडून बुटियामाला शेती करायला गेले. पुढच्याच वर्षी नव्या सरकारने नाणेनिधीशी करार केला.

न्येरेरे यांनी नंतर सहकारी संस्था आणि स्थानिक मंडळे मोडणे ही चूक होती हे मान्य केले, अनेक पक्षांच्या बाजूने मत दिले. १९८४ मध्ये घटनेत मूलभूत हक्क आले, १९९२ मध्ये अनेक पक्षांना परवानगी मिळाली. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे मोठी संपत्ती नव्हती. मागे राहिला तो सत्ता कधीच न सोडलेला पक्ष. २०२५ च्या एप्रिलमध्ये विरोधी पक्षनेते आणि वकील टुंडू लिस्सू यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, त्यांचा चाडेमा पक्ष निवडणुकीतून बाद ठरवला गेला. ऑक्टोबरच्या निवडणुकीत सत्ताधारी उमेदवाराला ९७ टक्क्यांहून अधिक मते जाहीर झाली. रस्त्यावर आलेल्या लोकांवर गोळीबार झाला, इंटरनेट बंद झाले. न्येरेरे आज असते तर त्यांना हे रुचले नसते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु ज्या घटनेत नागरिकाला कोर्टात उभे राहायला जागा नव्हती, ती त्यांच्याच काळात घडली होती.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. न्येरेरे यांनी बलाढ्य राष्ट्रांना नकार देण्याचा हक्क आपल्या देशासाठी मिळवला, तोच हक्क रुवुमाच्या शेतकऱ्याला आपल्या सरकारपुढे मिळाला नाही. राज्यकर्ता कितीही साधा, प्रामाणिक आणि गरिबांचा कैवारी असो, त्याच्या चांगुलपणावर जनतेने आपले हक्क गहाण टाकता कामा नयेत. चांगला माणूस एक दिवस खुर्चीवरून उठतो. त्याने वापरलेला स्थानबद्धतेचा कायदा मात्र पुढच्याच्या हातात तसाच राहतो.