श्रीमंत इंदुमती राणीसाहेब : करवीरच्या मुलींच्या पाठीराख्या

करवीर नगरीत राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव घेतल्याविना शिक्षणाचा कोणताही इतिहास पुरा होत नाही. 1901 साली उभ्या राहिलेल्या दिगंबर जैन बोर्डिंगला महाराजांचा आश्रय लाभला, ही गोष्ट आपल्या समाजातील थोरामोठ्यांना सुपरिचित आहे. परंतु महाराजांनी स्वतःच्या वाड्यात एका मुलीच्या शिक्षणासाठी जो निर्धार दाखविला आणि त्या मुलीने पुढे त्याची जी परतफेड केली, तिची आठवण आज फारशी काढली जात नाही.

ही मुलगी म्हणजे महाराजांच्या धाकट्या स्नुषा इंदुमती राणीसाहेब. त्यांचा जन्म 6 डिसेंबर 1906 रोजी झाला. माहेर सासवडच्या जगताप घराण्याचे, माहेरचे नाव जमना. 6 जून 1917 रोजी राजपुत्र शिवाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वर्ष उलटते न उलटते तोच, 12 जून 1918 रोजी, रानडुकराच्या शिकारीत राजपुत्रांना अपघाती मृत्यू आला. इंदुमतींचे वय त्या वेळी अवघे अकरा वर्षांचे होते. त्या काळी उच्चकुलीन बालविधवेचे पुढील आयुष्य कसे जाई, हे सांगावयास नको. पडदा, सोवळे आणि एका कोपऱ्यातील खोली !

पोटच्या पुत्राचा शोक ताजा असतानाच महाराजांनी सुनेला शिकविण्याचे ठरविले. आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणारा आणि विधवा-पुनर्विवाहास कायद्याचा आधार देणारा हा राजा. पण प्रजेसाठी कायदा करणे निराळे आणि स्वतःच्या देवडीच्या आत रूढी मोडणे निराळे. घरच्यांची नाराजी त्यांना सोसावी लागली. त्यांनी इंदुमतींना वाड्याच्या वातावरणातून काढून सोनतळी येथील कँपवर ठेवले, शिक्षक नेमले, आणि एकटेपणा वाटू नये म्हणून समवयस्क मुलीही सोबत शिकावयास ठेवल्या. या लहानशा शाळेतच पुढील कार्याचे बीज पडले असावे, असे आम्हास वाटते. एकटीने शिकणे आणि मैत्रिणींसमवेत शिकणे यांतील फरक त्यांनी लहानपणीच अनुभवला होता.

सुनेने डॉक्टर व्हावे ही महाराजांची मनीषा होती. परंतु 6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले आणि राणीसाहेबांचा आधार गेला. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही. 1925 साली त्या मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. वैद्यकीय शिक्षण मात्र राहूनच गेले. त्यानंतरची बरीच वर्षे वाड्यातच, वाचनाच्या व संगीताच्या सहवासात गेली.

संस्थाने विलीन झाली. राजवाड्यांचे वैभव ओसरले. अनेक राजघराणी या काळात स्वतःच्याच दुःखात गढून गेली. राणीसाहेब मात्र याच सुमारास घराबाहेर पडल्या. 1954 साली त्यांनी ‘ललिता विहार’ ही संस्था स्थापन केली. पुढे महाराणी शांतादेवी गायकवाड यांच्या नावाने गृहशास्त्राचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. मुलींच्या हाताला काम शिकविणारे औद्योगिक शिक्षण आणि बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह यांचीही जोड मिळाली.

या कामात वेतन नव्हते, अधिकारही नव्हता. सरकारदरबारचे दिवस केव्हाच सरले होते. होता तो केवळ शब्दाचा मान. वयात आलेली मुलगी शिवणकामाच्या वर्गाला किंवा वसतिगृहात पाठवावी की नाही, या विचारात पडलेल्या आईबापांना ‘राणीसाहेब स्वतः तेथे आहेत’ एवढे ऐकले की धीर येत असणार. मुलींच्या संस्थेला पैशाइतकीच अशा विश्वासाची गरज असते, हे समाजकार्य करणारी कोणतीही भगिनी सांगेल. गृहशास्त्र म्हणजे मुलींना पुन्हा चुलीपाशीच नेणे, असा आक्षेप आज कोणी घेईल. त्यात तथ्य नाही असे नाही; परंतु जी मुलगी एरवी शाळेतून काढलीच गेली असती, तिला त्या वाटेने घराबाहेर पडता आले, हेही विसरता येत नाही.

30 नोव्हेंबर 1971 रोजी राणीसाहेबांचे निधन झाले. अकराव्या वर्षी वैधव्य आलेली ती सासवडची जमना त्रेपन्न वर्षे त्या स्थितीत जगली, आणि त्यांतील अखेरची सुमारे सतरा वर्षे तिने कोल्हापुरातील इतरांच्या लेकींना दिली.