कॅसिनोच्या पैशातून १४०० जुन्या गाड्या जमवल्या, लिलावाचा पैसा मात्र दुसऱ्यांनीच नेला

१९८६ साली अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात एका जुन्या गाडीचा लिलाव झाला. गाडी होती बुगाटी रॉयाल. १२.७ लिटरचं अवाढव्य इंजिन आणि अख्ख्या जगात फक्त सहा नग. बोली थांबली ती ६५ लाख डॉलरवर. ज्याने घेतली त्याने ती वर्षभरातच ८१ लाख डॉलरला पुढे विकली.

जुनी गाडी घ्यायची, नवीकोरी करायची आणि लिलावात काढून पैसा करायचा, हा धंदा आज जगभर चालतो. या गाडीवरही लोकांनी बक्कळ पैसा केला. पण ती ज्याच्या संग्रहातून बाहेर आली तो माणूस आठ वर्षांपूर्वीच वारला होता. त्याचं नाव विल्यम फिस्क हॅरा. सगळे त्याला बिल म्हणायचे.

बिलचा जन्म १९११ चा, कॅलिफोर्नियातला. वडील वकील आणि राजकारणी. कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेलेलं पोरगं, पण १९२९ नंतरच्या मंदीत घरची घडी विस्कटली आणि शिक्षण सुटलं. वडिलांनी समुद्रकिनाऱ्यावर बिंगोसारखा एक खेळ चालवायला घेतला होता. गर्दी दिसावी म्हणून त्यात पैसे देऊन बसवलेले खोटे खेळाडू असायचे. बिलला ते पटेना. बापलेकाचं वाजलं आणि पोराने ५०० डॉलर देऊन धंदाच विकत घेतला.

नेवाडात १९३१ पासून जुगार कायदेशीर होता. १९३७ मध्ये बिल तिथल्या रिनो शहरात आला. पहिलं दुकान काही आठवड्यांत बंद पडलं, पण गडी परत उभा राहिला. पुढे रिनो आणि लेक टाहोला त्याचे मोठे कॅसिनो झाले आणि १९७० च्या दशकात कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली.

पैसा असा आला. गेला तो गाड्यांत.

१९४८ मध्ये त्याने दोन जुन्या गाड्या घेतल्या, एक मॅक्सवेल आणि एक फोर्ड मॉडेल टी. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. रिनोला लागून असलेल्या स्पार्क्स गावात त्याने मोठमोठी गोदामं घेतली. एके काळी रेल्वेने फळं पाठवण्यासाठी तिथे बर्फ साठवायचे. १९६२ पासून हा संग्रह लोकांना बघायला खुला झाला. भरात असताना तिथे सुमारे १४०० गाड्या होत्या.

पण त्याचं वेगळेपण आकड्यात नव्हतं, दुरुस्तीच्या पद्धतीत होतं.

विकण्यासाठी गाडी नवी करणाऱ्याचं गणित साधं असतं. खरेदी अधिक दुरुस्तीचा खर्च विक्रीच्या किमतीपेक्षा कमी राहिला पाहिजे. म्हणून तो जिथे नजर जाते तिथे पैसे घालतो. रंग चकाचक, सीट नव्या, क्रोम झळझळीत. आत काय आहे ते गिऱ्हाईक आणि त्याचं नशीब. स्वस्तातल्या गाडीवर तर कुणी फार खर्च करतच नाही, कारण तो वसूल होत नाही.

हॅरा हे गणित मांडतच नव्हता. त्याला प्रसिद्ध गाड्या हव्या होत्याच, पण फोर्ड, पॅकार्ड आणि फ्रँकलिन या कंपन्यांची जमतील तेवढी मॉडेलंही हवी होती. त्याच्याकडे स्वतंत्र संशोधन विभाग होता, स्वतःचं ग्रंथालय होतं. जुने कॅटलॉग, फोटो, कारखान्याची माहितीपत्रकं. आधी कागद, मग पाना. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशीच झाली पाहिजे, हा नियम. फँटम कोर्सेअर या एकमेव गाडीचं रूप आधीच्या मालकाने बदलून टाकलं होतं, तर हॅराने ती पुन्हा मूळच्या काळ्या रंगात आणली.

सगळ्यात भारी किस्सा थॉमस फ्लायरचा. १९०८ ची न्यूयॉर्क ते पॅरिस शर्यत जिंकलेली ही गाडी. अमेरिका, जपान, सैबेरिया असं करत पॅरिसला पोचायला तिला साडेपाच महिने लागले होते. १९६४ मध्ये हॅराने ती घेतली, पण हीच ती गाडी कशावरून? म्हणून शर्यतीत ती चालवणाऱ्या जॉर्ज शूस्टरलाच बोलावलं. म्हातारा तेव्हा ९१ वर्षांचा. गाडी सुटी केली, तेव्हा शर्यतीत स्वतः केलेल्या दुरुस्त्या त्याने ओळखल्या. मग हॅराने ती चकचकीत केली नाही. पॅरिसला पोचली तेव्हा जशी वापरून मळलेली होती तशी केली!

हौसेला मोल नव्हतंच. फेरारीने चारही चाकांना ताकद देणारी गाडी बनवायला नकार दिला, असं सांगतात. मग याने जीपच्या वॅगनियरमध्ये फेरारीचं इंजिन बसवलं, पुढचं नाकही फेरारीचंच. नाव ठेवलं जेरारी.

३० जून १९७८ ला मेयो क्लिनिकमध्ये हृदयाजवळच्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेदरम्यान हॅरा गेला. त्याच्यामागे संग्रह एकत्र राहील अशी पक्की सोय झालेली नव्हती. १९८० मध्ये हॉटेलवाल्या हॉलिडे इन्सने त्याची कंपनी घेतली. कॅसिनोबरोबर गाड्याही आल्या. हॉटेलवाल्यांना कॅसिनो हवे होते, गोदामभर गाड्यांचं ते काय करणार? त्यांनी गाड्या विकायचं ठरवलं आणि नेवाडात ओरड झाली. शेवटी १७५ गाड्या आणि ग्रंथालय संग्रहालयासाठी दान मिळालं. बाकीच्यांतल्या बऱ्याच १९८४ ते १९८६ च्या लिलावांत गेल्या.

इथे हॅराचं काम पैशात मोजलं गेलं. लिलावात बोली लावणाऱ्याला सगळ्यात मोठी भीती असते ती फसवणुकीची. इंजिन मूळचं आहे का, रंग खरा आहे का, आधीचा मालक कोण? हॅराच्या गाड्यांसोबत या प्रश्नांची उत्तरंही मिळत होती. नुसतं हॅराच्या संग्रहातली म्हटलं तरी गाडीचं वजन वाढायचं. आजही जुन्या गाडीच्या जाहिरातीत ती कधीकाळी हॅराकडे होती हे आवर्जून लिहिलेलं दिसतं. ज्याने विकण्याचा हिशेब केला नाही, त्याच्या गाड्यांवर विकणाऱ्यांनी असा पैसा केला. त्याच्याकडे असलेली दुसरी रॉयाल अखेर १९९९ मध्ये फोक्सवॅगनकडे गेली.

वाचलेल्या गाड्यांसाठी १९८९ मध्ये रिनोत राष्ट्रीय मोटार संग्रहालय सुरू झालं. जेरारी तिथे आहे, काळी फँटम कोर्सेअर आहे आणि शूस्टरने ओळखलेली ती मळकी थॉमस फ्लायरसुद्धा.