कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, ८ नोव्हेंबर १९१७, पुणे – ११ एप्रिल २००१) या भारतीय पेशीशास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होत्या. भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभारली.

प्रारंभिक जीवन

कमल यांचे वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. शालेय शिक्षण हुजूरपागेत झाल्यावर त्यांनी फर्ग्युसनमधून पदवी घेतली. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे, ही वडिलांची इच्छा होती. कमल यांनी मात्र जीवशास्त्राची वाट धरली. १९३९ साली गणितज्ञ जयसिंग त्रिंबक रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४३ साली त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम. एस्सी. पूर्ण केले. त्या प्रबंधाचा विषय सीताफळाच्या कुळातील वनस्पतींचे पेशीशास्त्र हा होता.

संशोधनकार्य

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात काम करताना विख्यात विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे त्या ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या हीला या मानवी पेशी गे यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली वाढवण्यात आल्या होत्या.

भारतात परतल्यावर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी हे तंत्र रुजवले. उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांच्याशी असलेला संबंध त्यांनी अभ्यासला. रक्ताचा व अन्ननलिकेचा कर्करोग, तसेच कुष्ठरोगाचे जंतू हेही त्यांच्या संशोधनाचे विषय होते. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या.

ऊतिसंवर्धनाचे महत्त्व

किरणोपचारात डीएनएचे दोन्ही धागे तुटतात आणि कर्कपेशी मरते. तथापि पेशीकडे दुरुस्तीची यंत्रणा असते. तुटलेल्या जागेजवळील हिस्टोन प्रथिनाला फॉस्फेट गट जोडला जातो. मग यूबिक्विटिन हे छोटे प्रथिन जोडले जाऊन दुरुस्ती करणारी प्रथिने तेथे गोळा होतात. प्रथिनांतील असे बदल काही अर्बुदांत अधिक कार्यक्षम असतात, त्यामुळे त्या पेशी किरणोत्सर्गातूनही वाचतात आणि उपचार अपुरा पडतो. हे संशोधन रणदिवे यांच्या नंतरच्या पिढीचे आहे. परंतु पेशींवर किरण सोडून त्यांची दुरुस्ती तपासायची, तर आधी त्या पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवाव्या लागतात. भारतात त्याचा पाया रणदिवे यांच्या प्रयोगशाळेने घातला.

सामाजिक कार्य

१९७३ साली सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह व पाळणाघर यांची सोय या संघटनेने वाशी येथे केली. निवृत्तीनंतर रणदिवे यांनी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास केला आणि ग्रामीण स्त्रियांना आरोग्यविषयक मार्गदर्शन केले.

सन्मान

१९६४ साली त्यांना भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी पुरस्कार मिळाला. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४व्या जयंतीदिनी, गूगलने त्यांचे डूडल प्रसिद्ध केले.