रुमालाआडचे जग

पाच-सहा महिन्यांच्या बाळापुढे खुळखुळा धरावा आणि त्याने हात पुढे करताच त्यावर रुमाल टाकावा. बाळ हात आखडते घेते, दुसरीकडे पाहू लागते. आपण हसतो आणि विसरून जातो. ज्याँ पियाजे मात्र विसरले नाहीत.

१८९६ मध्ये स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल गावी त्यांचा जन्म झाला. दहा-अकराव्या वर्षी एका पांढुरक्या चिमणीवरचे त्यांचे टिपण छापून आले. गोगलगायी-शिंपल्यांवर प्रबंध लिहून १९१८ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे पॅरिसला मुलांच्या बुद्धिचाचण्या घेताना त्यांना एक नवल दिसले. एका वयाची मुले एकसारखीच चुकतात! म्हणजे चुकीलाही काही तर्क असणार. बँकेत आम्ही चूक शोधायचो ती खोडण्यासाठी. हे गृहस्थ ती जपून ठेवत.

१९२३ मध्ये व्हॅलेंतिनशी त्यांचे लग्न झाले. १९२५ ते १९३१ या काळात जॅकलीन, ल्युसिएन आणि लोराँ ही मुले झाली आणि घरच प्रयोगशाळा बनले. आठ महिन्यांच्या आतल्या जॅकलीनचे खेळण्यातले बदक चादरीच्या चुणीआड घसरले. ते हाताशीच होते, पण तिने शोधले नाही. साडेदहा महिन्यांची झाल्यावर ती गादीखाली लपवलेला पोपट शोधू लागली. मात्र दोनदा डावीकडे लपवून तिच्या डोळ्यांदेखत तो उजवीकडे ठेवला, तरी ती डावीकडेच पाहायची! दीड-दोन वर्षांची झाल्यावरच मुलांना न दिसलेल्या हालचालींचाही माग लागतो, असे पियाजेंनी १९३७ च्या ग्रंथात मांडले.

तीनच मुले, तीही घरची, हा आक्षेप रास्त होता. १९८५ मध्ये रने बायार्जों आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, पाच महिन्यांचे बाळही पडद्याआडच्या ठोकळ्याची जाण ठेवते. त्याची नजर तसे सांगते. हात मात्र मागाहून शिकतात.

पियाजेंच्या स्वतःच्या आयुष्यात याच्या उलटही घडले होते. आपल्याला बाबागाडीतून पळवून नेण्याचा प्रयत्न झाला आणि दाईने झुंजून वाचवले, हे दृश्य त्यांना लख्ख आठवे. ते पंधरा वर्षांचे असताना दाईने कळवले की, ती हकीकत तिने रचलेली होती. बक्षीस मिळालेले घड्याळही तिने परत केले. जे घडलेच नव्हते, ते मनात घर करून बसले होते!

१९८० मध्ये जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

आई कामावर निघाली की नऊ-दहा महिन्यांचे बाळ आकांत करते. आजी म्हणते, लाडावलंय. तसे नाही हो! दाराआड गेलेली आई कुठेतरी आहे, हे त्याला आता कळू लागले आहे. फक्त ती परत येते, हे कळायला थोडे दिवस लागतील. तोवर पदराआडून ‘बुवा... कुक!’ खेळत राहावे.