साकुरीचे श्रीउपासनी महाराज

नवरात्रात घरोघरी घट बसतात, कुमारिकेचे पाय धुऊन तिची पूजा होते. परंतु त्याच कुमारिकेने यज्ञकुंडापुढे बसून स्वमुखाने वेदमंत्र म्हणावेत, हे मात्र आपल्यातील कित्येकांना आजही सहज रुचत नाही. हे घडवून आणणाऱ्या सत्पुरुषाचे या पर्वकाळी आम्ही स्मरण करीत आहोत. न्हावऱ्याहून शिरूरमार्गे अहिल्यानगर आणि राहुरी मागे टाकले की राहात्याजवळ साकुरी लागते. तीच त्यांची कर्मभूमी.

काशीनाथ गोविंद उपासनी यांचा जन्म १८७० साली नाशिक जिल्ह्यातील सटाणे येथे, विद्वान ब्राह्मण कुळात झाला. पुढे त्यांनी अमरावतीस वैद्यकी केली. श्वासाच्या विकाराने जर्जर होऊन भटकत असता १९११ साली ते शिरडीस श्रीसाईबाबांच्या चरणी आले. बाबांनी त्यांना खंडोबाच्या पडक्या देवळात बसविले. तेथे उपवास, एकांत आणि लोकांची कुचेष्टा असे सारे त्यांनी सोसले. १९१७ साली ते साकुरीस आले व स्मशानाजवळच्या झोपडीत राहिले. पुढे तर १९२२च्या अखेरीपासून वर्षाहून अधिक काळ त्यांनी स्वतःला बांबूच्या पिंजऱ्यात कोंडून घेतले!

१९३२ साली त्यांनी कन्याकुमारी स्थान स्थापिले. ख्रिस्ती जोगिणींचे मठ आपणांस ठाऊक असतात. हा आपल्या धर्मातील तसाच स्त्रियांचा मठ होय. आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या कन्या पहाटे काकड आरतीस उठत. पूजा, अभिषेक, संस्कृताचे अध्ययन, सप्तशतीचा पाठ, भजन, आणि त्यासोबत स्वयंपाक व झाडलोटही. यज्ञातील पौरोहित्य त्या स्वतःच करीत.

हे सर्व निर्वेध झाले नाही. कन्यांचा देवाशी विवाह लावून त्यांना समर्पित करून घेण्याच्या पद्धतीवर कठोर टीका झाली, महाराजांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. अल्पवयीन मुलीचे समर्पण तिच्या इच्छेने की आईबापांच्या, हा प्रश्न भक्तिभाव बाळगूनही आम्हांस डावलता येत नाही. तथापि ज्या काळी वेदाक्षर स्त्रीच्या कानी पडणेही निषिद्ध मानीत, त्या काळी महाराजांनी ते तिच्या मुखी दिले, हेही तितकेच खरे.

बालवयातच साकुरीस आलेल्या गोदावरीमातांच्या हाती त्यांनी स्थानाची धुरा सोपविली. २४ डिसेंबर १९४१ रोजी महाराजांनी देह ठेवला. त्यानंतर मातांनी १९९०पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, ती वाहिली.